इंद्रधनुष्य, खळं आणि बुडता सूर्य: मोबाईल पुरतो की कॅमेरा घ्यायचा?

माझ्या आतेभावाला आभाळातल्या गोष्टींचे फोटो काढायचा नाद लागलाय आणि या दिवाळीला नवीन फोन घेऊ की कॅमेरा घेऊ असं त्याचं चाललंय. तो चिपळूणला, मी अंजर्ल्याला. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, अजून कोणाचं अडलं असेल तर उपयोगी पडेल.

मेगापिक्सेल वगैरे नंतर बघू. आधी हे बघायचं की आपल्याला जे टिपायचंय ते आभाळात केवढी जागा खातं, कारण या गोष्टी एकतर भल्यामोठ्या असतात नाहीतर अगदी इवल्याशा, आणि त्यावरच सगळं ठरतं.

इंद्रधनुष्य घ्या. त्याची त्रिज्या ४२ अंश, म्हणजे सूर्य क्षितिजाजवळ असताना कमान या पायापासून त्या पायापर्यंत ८४ अंश पसरते, आणि बाहेरचं फिकट, उलट्या रंगांचं दुसरं धनुष्यही हवं असेल तर शंभराच्या वर. कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ लेन्स मिळते (आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका लहान तितकं जास्त आभाळ मावतं) ती १८ वर ठेवून आडवी धरली तरी ६६ अंशच दिसतात. फोनची नेहमीची लेन्स साधारण ७० अंश. दोन्हींत कमान मावत नाही. मावते ती फोनच्या अल्ट्रावाईडमध्ये, म्हणजे सगळ्यात रुंद दाखवणाऱ्या वेगळ्या लेन्समध्ये, जी हल्ली बऱ्याच फोनला असते आणि जिच्याकडे कोणी बघत नाही. गेल्या आषाढात सकाळी सातच्या सुमाराला सर येऊन गेली, मागे डोंगरावर ऊन पडलं आणि समोर समुद्रावर पूर्ण कमान उभी राहिली, डावा पाय थेट सुवर्णदुर्गाच्या अंगाला. माझ्या हातात कॅमेरा होता, त्यात एक पाय आणि थोडी कमान एवढंच आलं. शेजारच्या पोराने फोनवर अख्खं घेतलं, वर दुसरं धनुष्य, दोन्हींच्या मधला काळसर पट्टा सगळं. तो फोटो मी अजून बघत बसतो.

कोकणात एक सोय आहे, सकाळचं इंद्रधनुष्य पश्चिमेला म्हणजे समुद्रावर, आणि संध्याकाळचं पूर्वेला डोंगरांवर. कुठे उभं राहायचं ते आधीच ठरवता येतं. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की जमिनीवरून पावसातलं धनुष्य दिसतच नाही, त्यामुळे दुपारी उघडीप मिळाली तरी निवांत जेवून घ्या.

कॅमेऱ्याची बाजू म्हणाल तर पोलरायझर फिल्टर, लेन्सपुढे लावायची फिरती काच. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे बराचसा एकाच दिशेत कंप पावणारा असतो, फिल्टर हळूहळू फिरवला की रंग एकदम ठसठशीत होतात, आणि तोच अजून फिरवला की तिथलं धनुष्य जवळजवळ पुसलं जातं! पण अख्खी कमान घेताना हा फिल्टर सगळीकडे सारखा लागू पडत नाही, तो एका पायासाठी बरा.

खळं म्हणजे सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती पडणारं गोल कडं, त्याची त्रिज्या २२ अंश, म्हणजे आरपार ४४. हे फोनच्या साध्या लेन्समध्येही बसतं आणि १८-५५ मध्येही आडवं धरलं की जेमतेम बसतं. खूप उंचावरच्या पातळ ढगांतले बर्फाचे षटकोनी स्फटिक हे करतात, खाली मे महिन्याचा घाम का फुटेना. सूर्य माडाच्या शेंड्याआड लपवायचा, स्क्रीनवर ढगाला टॅप करून उजेड खाली ओढायचा, झालं. फक्त फोनमध्ये सूर्य आला की हिरवा ठिपका उमटतो, तो लेन्समधला असतो. फोन जरा हलवा, ठिपका आभाळावरून सरकला तर तो खोटा. खळ्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दिसणारे खरे उपसूर्य, म्हणजे सूर्याच्या दोन बाजूंचे झगझगीत ठिपके, जागचे हलत नाहीत. चंद्राच्या खळ्याला काळोख लागतो, तिथे स्टँडवर ठेवलेला कॅमेरा सरस, पण नाईट मोडही आता बरा काढतो.

आता इवलीशी गोष्ट, बुडता सूर्य, आणि इथे मात्र फोन हरतो. सूर्य असतो अर्ध्या अंशाचा, फोनच्या साध्या लेन्समध्ये तो फ्रेमच्या उंचीच्या शंभराव्या भागाएवढा येतो. पाऊस सरल्यावर क्षितिज स्वच्छ असेल आणि समुद्र हवेपेक्षा उबदार असेल तर शेवटच्या मिनिटांत खालून दुसरा सूर्य वर येऊन पहिल्याला चिकटतो, मग कमरेत बारीक, तळाशी पसरट, तांब्यासारखा आकार दिसतो. आणि कधीकधी शेवटची कड एक-दोन सेकंद हिरवी होते. हे फोनवर झूम करून काढलं तर रंग फोन स्वतःच ठरवतो, त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. ७०-३०० लेन्स ३०० वर लावली की साध्या डीएसएलआरमध्ये (लेन्स बदलता येणारा, भिंगाला डोळा लावून बघायचा कॅमेरा) सूर्य फ्रेमच्या उंचीच्या सहाव्या भागाएवढा येतो, कडेचा हिरवा रंग दिसायला तेवढं पुरतं. पण डीएसएलआरच्या त्या भिंगाला डोळा लावून सूर्याकडे बघू नका, दुर्बिणीतून तर नाहीच, मागच्या स्क्रीनवरच बघा. नुसत्या डोळ्यांनी बघायचं तर शेवटची कड उरेपर्यंत नजर दुसरीकडे ठेवा. वाळूवर आडवं पडून सूर्य बुडू द्यायचा आणि तो बुडताक्षणी ताडकन उभं राहायचं, क्षितिज जरा लांब जातं आणि पुन्हा दोन-चार सेकंद मिळतात.

इंद्रवज्र, म्हणजे ढगावर आपल्या सावलीभोवती दिसणारं गोल रंगीत कडं, मात्र किनाऱ्यावरून मिळायचं नाही, ढग आपल्या खाली आणि सूर्य पाठीमागे लागतो, त्यासाठी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा उंच कडा गाठायला हवा.

तर आतेभावाला मी म्हटलं, तुझ्या फोनला अल्ट्रावाईड आहे ना, मग फोन बदलू नको आणि वाईड लेन्सवरही पैसे घालू नको, एक लांब झूमवाला जोडलेल्या लेन्सचा कॅमेरा घे, सेकंडहँड चालेल. लेन्स बदलायची नसल्यामुळे खारा वारा आत शिरायची भीती कमी, आणि आपल्याकडे ते फार महत्त्वाचं. अल्ट्रावाईड नसेल तर उलटं, आधी फोन. कॅमेरा घेतलाच तर पावसाळ्यात कपाटात ठेवायचा नाही, माझ्या एका लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली ती याच चुकीमुळे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव, दर पंधरवड्याला ते जेल तापवून सुकव, आणि किनाऱ्यावरून आलास की स्टँडचे पाय गोड्या पाण्याने धू.