अडखळणारं 4के फुटेज: प्रॉक्सी की पूर्ण ट्रान्सकोड?

फाइल कार्डावरून डिस्कवर घेतली, आवाज सुरळीत येतोय, चित्र मात्र धक्के खातंय. असं असेल तर कार्डाला बोल लावू नका. 100 एमबीपीएसचं (सेकंदाला 100 मेगाबिट) फुटेज सेकंदाला साडेबारा एमबी (मेगाबाइट) मागतं. तेवढं जुनी हार्ड डिस्कही देते. अडतंय ते डिकोडिंगला, म्हणजे दाबलेली फाइल उलगडून चित्र दाखवायला. एच.265 या कॉम्प्रेशनमधल्या बहुतेक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमवर बेतलेल्या असतात. त्यात 10-बिट 4:2:2, म्हणजे जास्त रंगमाहितीचं फुटेज, आलं की बरीच ग्राफिक्स कार्डं हात वर करतात आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो.

नवा लॅपटॉप घ्यायचा नसेल तर वाटा दोनच: सगळं फुटेज दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायचं (पूर्ण ट्रान्सकोड), नाहीतर मूळ फाइली तशाच ठेवून एडिटिंगपुरत्या हलक्या नकला बनवायच्या (प्रॉक्सी). मी दोन्ही चाललोय.

पूर्ण ट्रान्सकोड, म्हणजे सगळं प्रोरेस 422 या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये काढायचं. टाइमलाइन (एडिटिंगमधली क्लिपांची पट्टी) लोण्यासारखी चालते, यात वाद नाही. पण 4के 25पी ला (सेकंदाला 25 फ्रेम) 492 एमबीपीएस लागतात. मूळ दहा मिनिटं साडेसात जीबीत बसतात, ती 37 वर जातात. 1080पी च्या प्रोरेस प्रॉक्सी तीन जीबीच्या आत.

जागेचं एक वेळ सोडा, डिस्क विकत मिळते. मामेभावाच्या लग्नाचं फुटेज मी ट्रान्सकोड करून कापलं आणि काम झाल्यावर त्या अगडबंब फाइली उडवल्या. मूळ होत्याच की! चार महिन्यांनी मामी म्हणाली, "अरे, यात माझी ताई कुठेच नाही. जरा घाल ना." दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर उघडलं तर टाइमलाइन लालभडक, 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे फाइली सापडत नाहीत. मूळ फाइली एमपी4, माझ्या एमओव्ही, वर नावंही मी हौसेने बदललेली. एकेक क्लिप जुळवण्यात अख्खा रविवार गेला.

प्रॉक्सीत प्रोजेक्ट मूळ फाइलींनाच बांधलेला राहतो. प्रॉक्सी खुशाल उडवा. फार तर पुन्हा धक्के खाईल. फायनल रेंडरही (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) मूळ फाइलींवरूनच होतो, 'यूज प्रॉक्सी मीडिया'वर टिक केली नसेल तर.

फोकस तपासताना किंवा रंगकाम करताना मात्र मूळ फाइलींवर यावं लागतं, हे खरं. शिवाय मोबाइलच्या क्लिपांचा फ्रेम रेट वरखाली होत असेल तर प्रॉक्सीने आवाजाचा मेळ बसेलच असं नाही. तिथे ट्रान्सकोडच बरा. त्या लग्नात मावसभावाने वरात मोबाइलवर काढली होती. तेवढीच ट्रान्सकोड केली असती तरी भागलं असतं.