पणजोबांच्या मागावर: खानेसुमारी, जमिनीचं दप्तर की उपाध्यांची वही?

इंग्लंडमधल्या शेतकरी घराण्यांचे इतिहास वाचताना हेवा वाटतो. १८४१ पासून तिथल्या खानेसुमारीत घरातल्या माणसांची नावं आहेत. १८५१ मध्ये तर शेतकऱ्याला किती एकर कसतोस आणि किती मजूर ठेवतोस, हेही विचारलं होतं. ते कागद जपले गेले आणि पुढे लोकांसाठी खुले झाले. हे वाचून आपल्याकडचा माणूसही विचारतो, १८८१ च्या खानेसुमारीत आमच्या घराची नोंद कुठे मिळेल?

ती मिळणार नाही. मुंबई इलाख्यात १८७२ मध्ये शिरगणती झाली, मग १७ फेब्रुवारी १८८१ ला देशभर एकाच वेळी. गणतीदार घरोघर फिरले, तक्ते भरले. पण बेरजा झाल्यावर ते तक्ते कोणी सांभाळले नाहीत. उरले ते छापील अहवाल. त्यात जिल्हे, तालुके, जाती, धंदे आहेत, तुमचे पणजोबा नाहीत. आयर्लंडचीही जवळपास हीच गत. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या खानेसुमारीचे कागद काही सरकारनेच नष्ट केले, काही १९२२ च्या आगीत जळाले. तिथले लोक मग जमिनीच्या आकारणीच्या याद्या चाळतात. आपल्यालाही तोच रस्ता धरावा लागतो.

तरी ते अहवाल अगदीच टाकाऊ नाहीत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर सोलापूरसारख्या जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा घटलेली दिसते. एखादं घर त्या दहा वर्षांत गावातून नाहीसं झालं असेल, तर ते का झालं असावं याचा अंदाज इथे येतो. पण सुरुवात इथून करू नका.

सुरुवात जमिनीपासून करा. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात जमिनीची जी पाहणी सुरू केली, ती पुढे दख्खनभर पसरली. शेताला सर्व्हे नंबर पडला, नंबराला आकार, म्हणजे शेतसारा, ठरला आणि आकार भरणाऱ्याचं नाव लागलं. साधारण तीस वर्षांनी फेरपाहणी व्हायची, म्हणजे एकाच शेतावर दोन पिढ्यांची नावं सापडू शकतात. हे कागद, म्हणजे शेतवार पत्रक, आकारबंद, टिपण, गुणाकार बुक, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागायचे. गावात त्याला मोजणी ऑफिसच म्हणतात.

मात्र हातात आजचा सातबारा घेऊन तिथे गेलात तर गाडी पहिल्याच वळणावर अडेल. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर. गटस्कीम, म्हणजे तुकडे एकत्र करून नवे गट पाडण्याची योजना, झालेल्या गावात आधी एकत्रीकरणाचा उतारा काढायचा. कोणत्या सर्व्हे नंबरांचा मिळून हा गट झाला ते त्यात दिसतं. मग त्या सर्व्हे नंबरांचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मागायचे, आणि माझ्या मते सगळ्या शोधातला कसदार कागद हाच. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफाराची वही विसाव्या शतकातली. पण तिच्या पहिल्या पानांवरचा मयत खातेदार एकोणिसाव्या शतकात जन्मलेला असतो! वारसनोंदीत तो गेल्याची हकिकत, मुलं किती, सज्ञान कोण, अज्ञान कोण, वाटणी कशी झाली, हे चार-सहा ओळींत येतं. काही जिल्ह्यांचे हे जुने कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. तिथे आधी पाहून मगच तहसीलच्या पायऱ्या चढाव्यात.

नाव शोधताना आडनावावर फार भिस्त ठेवू नका. जुनी नोंद ‘राणू बिन संतू’ अशी असते, म्हणजे संतूचा मुलगा राणू. पुढे कधी पाटील लागतं, कधी गावाचं नाव, कधी काहीच नाही. लिपी बहुधा मोडी. सन फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं, असेल तर त्यात ५९० मिळवा, शके असेल तर ७८. एखाद्या वर्षाचा फरक पडेल, तो चालवून घ्या.

या दप्तराची एक मोठी मर्यादा आहे. ते जमिनीचं आहे, माणसांचं नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला तो उगाच नव्हे. शेतं सावकारांच्या नावे चढत होती. ज्याचं शेत गेलं त्याचं नावही त्या पानावरून गेलं, मग तेच शेत तो कूळ म्हणून पुढे कसत राहिला असला तरी. सालगडी, बलुतेदार, बायका यांचा तर इथे मागमूस कमीच.

नेमकं तिथे तीर्थक्षेत्राची वही उपयोगी पडते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. श्राद्धाला बाप, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं लागतात, म्हणून वहीतही ती सहज उतरतात. आई-आजीचं नाव मिळण्याची आशाही इथेच जास्त. सरकारी कागदाला दहा हेलपाटे घालणाऱ्याला इथे एका बैठकीत पाच पिढ्या मिळू शकतात. गाव, तालुका आणि आडनाव सांगितलं की तुमच्या भागाचे उपाध्ये कोण ते तिथेच कळतं. पण ही यजमानाने तोंडी सांगितलेली माहिती. भावांचा क्रम चुकतो, मूळ गाव थोरामोठ्यांशी जोडलं जातं. आणि ज्या घरातून कोणी यात्रेला गेलंच नाही, त्या घराचं पान कोरं.

कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, गावोगाव फिरणारे हे लोकही पिढीजात वंशावळ सांगतात. ऐकावं, टिपून घ्यावं, पण जमिनीच्या कागदाशी पडताळल्याशिवाय वंशवृक्षावर चढवू नये.

पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवेकाळच्या कागदांचा सरकारी संग्रह, सगळ्यांना खुणावतं. घरात पाटीलकी, देशमुखी किंवा इनाम असेल तरच तिकडे वळा. तसं असेल तर १८५२ नंतरच्या इनाम कमिशनच्या, म्हणजे इनामांचे हक्क तपासणाऱ्या सरकारी आयोगाच्या, चौकशीत घराण्याचे तपशील निघू शकतात. साध्या रयतेच्या घराने तिथे महिने घालवू नयेत. त्यापेक्षा गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर पाहावं. जातीच्या दाखल्यासाठी कागद हवा असणाऱ्यांनी तर याच दोन वह्यांपासून सुरुवात करावी. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून अनेक जिल्हा प्रशासनांनी असे कागद स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर टाकले आहेत.

हा क्रम मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्याचा. मराठवाडा निजामाकडे होता, तिथल्या कागदांत उर्दूही भेटते. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, म्हणून कसणाऱ्याचं नाव मालगुजाराच्या गावाच्या कागदांत शोधावं लागतं. तिथे जाणाऱ्याने आधी उर्दू किंवा मोडी वाचणारा माणूस गाठावा, मग अर्ज करावा. अर्जात ‘आमच्या कुटुंबाचे सर्व जुने कागद’ असं लिहू नका, कोरडं उत्तर येतं. गाव, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि अंदाजे वर्षं, एवढं लिहा.