माइनक्राफ्टमध्ये व्हिलेजर: त्यांच्या गावात राहायचं, बेसवर आणायचे, की झॉम्बी बरे करायचे?

सर्व्हायव्हल जगातले पहिले काही दिवस निभावले, लोखंडाची हत्यारं झाली, शेताचा तुकडा पिकू लागला, की व्हिलेजरची, म्हणजे सौदे करणाऱ्या गावकऱ्यांची, गरज भासू लागते. एन्चांटेड (जादू भरलेली) पुस्तकं आणि हिऱ्याची हत्यारं हवी असतील तर त्यांच्याइतका भरवशाचा दुसरा मार्ग नाही. प्रश्न उरतो तो त्यांना ठेवायचं कुठे आणि कसं, याचा. वाटा तीन आहेत: सापडलेल्या गावातच आपला मुक्काम हलवायचा, दोन व्हिलेजर बोटीत घालून आपल्या बेसवर आणायचे, किंवा झॉम्बी व्हिलेजर पकडून, त्यांना बरं करून नवी वस्ती उभी करायची.

बहुतेक जण ठरवताना आणायला किती कष्ट पडतील एवढंच बघतात. मला ते माप अपुरं वाटतं. व्हिलेजर एकदाच मिळवावे लागतात, राखणी मात्र रोज रात्री करावी लागते. म्हणून पुढे मी मिळवण्यापेक्षा टिकवण्यावर जास्त बोललो आहे.

घाईत असाल तर माझं मत आधीच सांगतो. नवीन खेळाडूने जवळ गाव असेल तर तिथेच राहावं. ज्याला मेंडिंगसारखी (हत्यार दुरुस्त करत राहणारी जादू) ठरावीक पुस्तकं हवीत त्याने दोन व्हिलेजर बेसवर आणावेत. आसपास गावच नसेल, किंवा सौद्यांत कायमची सूट हवी असेल, तर झॉम्बी बरे करावेत. आता कारणं.

गावातच मुक्काम

गावं मैदान, सॅव्हाना, वाळवंट, टायगा आणि बर्फाळ मैदानात तयार होतात. तिथे बेड, शेतं, घंटा, काही जॉब ब्लॉक (ज्यावरून व्हिलेजरचा धंदा ठरतो) आणि बऱ्याचदा एखादा आयर्न गोलेम, म्हणजे गावाचा लोखंडी राखणदारही, आयता मिळतो. धंदा पहिल्याच दिवशी सुरू करता येतो. फ्लेचरला (बाण करणाऱ्याला) ३२ काड्या दिल्या की एक एमराल्ड (व्हिलेजरचं चलन), शेतकऱ्याला २० गहू, २६ बटाटे किंवा २२ गाजरं दिली की एक. क्लेरिक (पुजारी) तर ३२ सडकं मांसही घेतो, जे एरवी आपण फेकून देतो. फ्लेचर गावात नसेल तर फ्लेचिंग टेबल ठेवा, बेकार व्हिलेजर स्वतःहून तो धंदा पकडतो. फक्त हिरव्या डगल्यातल्या निटविटकडून अपेक्षा ठेवू नका, तो कुठलंच काम घेत नाही.

हा मार्ग सगळ्यात स्वस्त, आणि नवख्यांना सगळ्यात जास्त दगा देणाराही हाच. तुम्ही दूर असता तेव्हा गावाचा तो भाग लोड होत नाही, म्हणजे तिथला काळच थांबलेला असतो. झॉम्बी येत नाहीत आणि कोणी मरत नाही. तुम्ही तिथे राहायला गेलात की प्रत्येक रात्र गावावर खरोखर येते. ज्या गावाजवळून तुम्ही कधीतरी फिरकून जात होता आणि ज्यात सगळं आलबेल दिसत होतं, ते तुमच्या मुक्कामानंतर चार-दोन रात्रींत ओस पडू शकतं. म्हणून राहायला जायचं तर पहिल्याच दिवशी बंदोबस्त करायचा.

बंदोबस्त फार महाग नाही. गेमच्या १.१८ आवृत्तीपासून शत्रू मॉब (झॉम्बीसारखे जीव) बहुतेक ठिकाणी प्रकाश पूर्ण शून्य असेल तिथेच जन्मतात आणि टॉर्चचा प्रकाश १४ असतो, त्यामुळे पूर्वीइतक्या दाट टॉर्च लावाव्या लागत नाहीत. घरांची छपरं आणि घरामागचे कोपरे मात्र विसरू नका. गावाभोवती दोन ब्लॉक उंच भिंत घाला. कोळी ती चढून येतील, पण कोळी व्हिलेजरच्या वाटेला जात नाहीत. भिंत झॉम्बींसाठी आहे. येण्याजाण्याला दरवाजा न लावता कुंपणाचं फाटक लावा. दरवाजा व्हिलेजर उघडून बाहेर भटकतात, फाटक त्यांना उघडता येत नाही. आणि अंधार पडला की लगेच झोपा. रात्र जितकी लवकर संपेल तितकं बरं.

गोलेमवर सगळा भार टाकू नका. तो झॉम्बींना चोपतो, पण क्रीपरवर (जवळ येऊन फुटणाऱ्या राक्षसावर) हात उचलत नाही. चार लोखंडी ब्लॉक आणि एक कोरलेला भोपळा, म्हणजे ३६ इनगॉटमध्ये आणखी एक गोलेम होतो. मोठ्या गावात दोन असावेत असं मला वाटतं.

रेडबद्दलही, म्हणजे गावावरच्या टोळीच्या हल्ल्याबद्दलही, एवढं लक्षात ठेवा. जुन्या आवृत्त्यांत झेंडेवाल्या पिलेजर (लुटारू) कॅप्टनला मारून गावात शिरलात की हल्ला ठरलेला. १.२१ पासून कॅप्टनकडून ऑमिनस बॉटल मिळते आणि ती प्यायल्याशिवाय काही होत नाही. तुमची आवृत्ती कोणती ते बघून घ्या. तयारी करून रेड जिंकली तर गावकरी काही काळ चांगली सूट देतात, पण तयारीशिवाय आलेली रेड गाव संपवते.

बेसवर आणणं

व्हिलेजर हाकेला येत नाही. त्याला बोटीत किंवा माइनकार्टमध्ये ढकलायचं, तो स्वतःहून उतरत नाही. गाव आणि बेस यांच्यामध्ये नदी किंवा समुद्र असेल तर बोटीसारखं सोपं काही नाही. जमिनीवरही बोट सरकते, पण फार हळू, आणि एक ब्लॉकचा चढही तिला चढवत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत बोटीला लीड (दोर) बांधून ओढता येते, त्याने डोंगराळ भागातले हाल बरेच कमी झाले आहेत. खूप दूरचं गाव असेल तर नेदरमधून (पाताळासारख्या दुसऱ्या जगातून) रूळ टाकण्याचा विचार करा, तिथला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ. प्रवास दिवसा करा. वाटेत रात्र झाली तर थांबून व्हिलेजरभोवती चारी बाजूंनी माती रचा.

दोन आणले की पुरे, बाकीची वस्ती इथेच वाढते. प्रत्येकाला तीन पाव किंवा १२ गाजरं द्या आणि जवळ रिकामा बेड ठेवा, ज्याच्या वर दोन ब्लॉक मोकळी जागा असेल. पिल्लू २० मिनिटांत मोठं होतं. बेड कमी पडले की वाढ थांबते, म्हणजे लोकसंख्येचा लगामही तुमच्याच हातात राहतो.

इथे एक गोष्ट नवख्यांना बुचकळ्यात टाकते. जावा या संगणकावरच्या आवृत्तीत बेकार व्हिलेजर ४८ ब्लॉकच्या आतला मोकळा जॉब ब्लॉक हेरतो. तुमच्या बेसवर स्वयंपाकाचा स्मोकर आहे, सामान ठेवायला बॅरल आहेत, ब्रूइंग स्टँड आहे, ब्लास्ट फर्नेस आहे. तुम्ही लेक्टर्न (पुस्तकाचा स्टँड) ठेवून लायब्रेरियनची (पुस्तकं विकणाऱ्याची) वाट बघताय आणि नवा पाहुणा स्मोकर पकडून खाटीक होऊन बसतो! यावर उपाय म्हणजे त्याला आधी बंद खोलीत ठेवायचं, जिथून फक्त हवा तो ब्लॉक गाठता येईल, किंवा वस्तीच बेसपासून थोडी लांब करायची. मला दुसरा उपाय जास्त पटतो. व्हिलेजरची अखंड ‘हम्म हम्म’ ज्याने ऐकली आहे त्याला वेगळं कारण सांगायला नको.

एवढा खटाटोप ज्यासाठी करायचा ती गोष्ट म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य. लायब्रेरियनशी पहिला सौदा होईपर्यंत त्याचा माल बदलता येतो. लेक्टर्न तोडायचं, पुन्हा ठेवायचं, तो नवं पुस्तक पुढे करतो. मेंडिंग मिळेपर्यंत हे चालू ठेवता येतं. मेंडिंगची मूळ किंमत एका साध्या पुस्तकासह १० ते ३८ एमराल्ड असते, त्यामुळे स्वस्तात निघाली तर लगेच एक सौदा करून टाका. एकदा सौदा झाला की धंदा आणि माल दोन्ही कायम होतात. हे गावातही करता येतं, पण तिथे चार बेकार जण एकाच लेक्टर्नकडे धावतात आणि कोण लायब्रेरियन झाला तेच कळत नाही.

१.२०.२ पासून गेममध्ये व्यापाराच्या फेररचनेचा एक प्रयोग आहे. तो चालू केलेल्या जगात पुस्तकं व्हिलेजरच्या मूळ प्रदेशावर अवलंबून असतात आणि मेंडिंग फक्त दलदलीतला लायब्रेरियन शेवटच्या पातळीवर देतो. दलदलीत गावं होत नाहीत. मग व्हिलेजर बोटीने तिथे नेऊन पुढची पिढी तिथे वाढवण्यावाचून इलाज नसतो. अशा जगात वाहतूक टाळताच येत नाही, तेव्हा पहिल्यापासून हाच मार्ग धरलेला बरा.

राखणीच्या बाबतीत बेस जिंकतो, कारण छप्पर, भिंती आणि उजेड तुम्ही स्वतः आखता. अनेक जण एका ब्लॉकच्या खुराड्यांची रांग करून ‘ट्रेडिंग हॉल’ बांधतात. हिशेबाने ते चोख चालतं: समोर जॉब ब्लॉक असला की व्हिलेजर दिवसातून दोनदा माल भरतो आणि झॉम्बीला आत शिरायला जागाच नसते. तरी मी तीन बाय तीनची तरी खोली द्यावी असं म्हणेन. त्याला चार पावलं चालताना, रात्री बेडवर झोपताना पाहिलं की ती वस्ती वाटते, आणि वस्ती वसवण्याचा आनंद मला सवलतीच्या चार एमराल्डपेक्षा मोठा वाटतो.

झॉम्बी बरे करणं

रात्री येणाऱ्या झॉम्बींपैकी सुमारे ५ टक्के झॉम्बी व्हिलेजर असतात. त्यातला एखादा बोटीत अडकवून छपराखाली न्यायचा, उन्हात तो जळतो. मग त्याच्यावर वीकनेसचं (दुबळं करणारं) स्प्लॅश पोशन फेकायचं आणि गोल्डन अ‍ॅपल द्यायचं. तो थरथरू लागतो आणि ३ ते ५ मिनिटांत माणसात येतो.

सामान जमवणं हाच यातला खरा खर्च. अ‍ॅपलसाठी सोन्याचे आठ इनगॉट आणि एक सफरचंद लागतं. पोशनसाठी फर्मेंटेड स्पायडर आय (कोळ्याचा डोळा, तपकिरी मशरूम, साखर) थेट पाण्याच्या बाटलीत उकळायचा, नेदर वॉर्ट लागत नाही, आणि शेवटी गनपावडर. पण ब्रूइंग स्टँड पेटवायला ब्लेझ पावडर हवी, म्हणजे नेदरची फेरी आली. याला एक सुंदर अपवाद आहे. बर्फाळ प्रदेशातल्या काही इग्लूंखाली तळघर असतं. तिथे एक व्हिलेजर, एक झॉम्बी व्हिलेजर, तयार पोशन आणि पेटीत गोल्डन अ‍ॅपल ठेवलेलं असतं. गालिच्याखालचा ट्रॅपडोअर शोधा.

दोघांना बरं करत असाल तर त्यांच्यामध्ये भिंत घाला. आधी बरा होणारा दुसऱ्या झॉम्बीचं पहिलं भक्ष्य ठरतो. दारं आणि दिवे नसलेली, कोळिष्टकांनी भरलेली ओसाड गावंही कधी कधी सापडतात. तिथले सगळे रहिवासी झॉम्बी असतात, पण घरं आणि बेड शाबूत. या मार्गाला त्याहून चांगली जागा नाही.

मोबदला म्हणजे बरं करणाऱ्याला मिळणारी घसघशीत सूट. जावामध्ये तिचा मोठा भाग कायम टिकतो. पूर्वी त्याच व्हिलेजरला पुन्हा पुन्हा झॉम्बी करून सूट वाढवत नेता यायची. १.२०.२ मध्ये ते बंद झालं, मोठी सूट पहिल्या वेळेलाच मिळते. माझ्या लेखी हा बदल चांगला झाला. मित्रांसोबत एकाच जगात खेळत असाल तर ही कायमची सूट ज्याने बरं केलं त्यालाच मिळते, म्हणून लायब्रेरियन कोणी बरा करायचा ते आधी ठरवा.

डिफिकल्टीचा संबंध इथे उलटा लागतो. झॉम्बीने मारलेला व्हिलेजर इझीवर कायमचा जातो, नॉर्मलवर निम्म्या वेळा झॉम्बी होतो, हार्डवर दर वेळी. म्हणजे हार्डवर, पोशन आणि अ‍ॅपल शिल्लक असेल तर, झॉम्बीच्या हातून गेलेला गावकरी परत आणता येतो, आणि आधी सौदा झाला असेल तर त्याचा माल तोच राहतो. लायब्रेरियनवर कष्ट घेतले असतील तर हार्डवर दोन अ‍ॅपल पेटीत राखून ठेवा.

समोरासमोर ठेवलं तर

वेळ कमी असेल तर गाव, त्याला तोड नाही. हवा तोच माल हवा असेल तर बेस. सौद्यांचं प्रमाण मोठं असेल, रोज पेट्या भरून काड्या विकणार असाल, तर सूट महत्त्वाची ठरते, कारण एकच सौदा सारखा केला की मागणीमुळे त्याचा भाव चढत जातो आणि सूट तो चढ सोसते. व्हिलेजरला चुकूनही मारू नका. जावामध्ये ही बातमी ते एकमेकांना सांगतात आणि सगळ्यांचे भाव वाढतात.

मिश्रणही चालतं, आणि माझी शिफारस खरं तर तीच आहे. पहिले एमराल्ड गावात कमवा, गावाला भिंत घाला, मग तिथले दोन जण बेसवर नेऊन फक्त लायब्रेरियन आणि हत्यारवाले तिथे ठेवा. बरं करण्याचं तंत्र अपघातासाठी राखून ठेवा.

शेवटी आवृत्तीचं. इंटरनेटवरचे २०१९ आधीचे सल्ले वाचू नका. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या १.१४ पूर्वी गाव दरवाज्यांवरून मोजलं जायचं, आता बेडवरून. मोबाइलवर खेळत असाल तर तुमच्याकडे बेडरॉक आवृत्ती आहे आणि तिथे काही नियम वेगळे आहेत. आयर्न गोलेम आपोआप यायला किमान १० व्हिलेजर आणि २० बेड लागतात. व्हिलेजर कधी कधी भलत्याच लांबच्या ब्लॉकशी जोडला जातो, म्हणून एका वेळी एकच बेकार व्हिलेजर आणि एकच नवा ब्लॉक ठेवा, त्याच्या अंगावर धंद्याचा पोशाख दिसला की मगच पुढचा.