घंगाळाचा दिवा, बोटीचा दिवा आणि एक फसलेला: अकरा महिन्यांनंतर

आमच्या घरात छताला तीन तांब्याचे दिवे लटकतात. एक सासूबाईंच्या घंगाळाचा, एक बोटीवरून उतरवलेला आणि एक ऑनलाइन मागवलेला, ज्यात तांबं नावापुरतंच आहे. गेल्या सप्टेंबरात तिन्ही लागले. मध्ये दिवाळी, उन्हाळा आणि पुण्याचा बहुतेक पावसाळा होऊन गेला. घेताना मी आकार आणि डिझाइन बघत बसले होते. खरं तर तेव्हा दोनच गोष्टी विचारायला हव्या होत्या: आत उजेडाचं काय होणार, आणि बाहेर तांबं काळं पडायला लागलं की मी काय करणार.

आधी फसलेल्याबद्दल, म्हणजे विषय संपेल. पॅसेजसाठी मागवलेल्या या दिव्यावर ‘अँटिक कॉपर’ लिहिलं होतं. पार्सल हातात घेतलं तेव्हाच वजनाने शंका आली. फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं, ते टपकन चिकटलं. तांब्याला किंवा पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे खाली लोखंडी पत्रा आणि वर नुसता मुलामा. (न चिकटलं म्हणजे तांबंच, असंही नाही. ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. आतली कड जरा खरवडून बघायची.) परत करायची मुदत माझ्याच आळसात गेली. जुलैत कडेला गंज फुटला आणि वरच्या लॅकरला (चमक टिकवायला मारलेल्या पारदर्शक थराला) तडे जाऊन त्याखाली काळे धागे पसरले. ते पुसूनही जात नाहीत, कारण पुसायचं ते लॅकरच्या आत आहे.

‘अँटिक’ हा शब्द दुकानात फार सैल वापरतात. आपल्याकडच्या 1972 च्या कायद्यात पुरावस्तू म्हणायला साधारणपणे वस्तू किमान 100 वर्षं जुनी लागते. विजेचा दिवा तेवढा जुना मिळणं किती अवघड, ते तुम्हीच बघा. मला एकाने ‘ब्रिटिश काळातला, 1900 च्या आसपासचा’ म्हणून दिवा दाखवला. त्याचे सगळे स्क्रू फुलीच्या खाचेचे होते. ते स्क्रू बाजारात आले 1930 च्या दशकात. नंतर कुणी दुरुस्ती केली असेल, हे शक्य आहे. पण सगळेच बदलले? आणि काळेपणा सगळीकडे एकसारखा, जिथे हात लागून घासायला हवं तिथेही. खरा जुना काळेपणा असा शाळेच्या गणवेशासारखा नसतो.

बोटीचा दिवा मात्र अस्सल निघाला. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंगला जुनी जहाजं तोडतात, तिथलं सामान फिरत फिरत मुंबईच्या चोर बाजारापर्यंत येतं. तिथूनच घेतला. तांब्याची टोपी, जाड काचेची बरणी, त्यावर पितळी जाळी. आतली वायर ओढली तर रबराचा हातात भुगा झाला. जुना दिवा कितीही देखणा असो, आतली वायर आणि होल्डर दोन्ही फेकून द्यायचे, यात घासाघीस नको. आम्ही तीन तारांची नवी वायर ओढली. तिसरी तार कशाला, यावरून वायरमनशी हुज्जत झाली. “ताई, दिव्याला कोण अर्थिंग देतं?” तो म्हणाला. प्लास्टिकच्या होल्डरला नसेल देत, पण हा अख्खा धातूचा आहे. आत एखादी तार सुटून टोपीला लागली, तर पुसायला हात लावणाऱ्यालाच झटका. आमच्या छताच्या पॉइंटला दोनच तारा होत्या, तिसरी स्विचबोर्डापासून आणावी लागली. अर्धा दिवस गेला, भिंतीवर पट्टी दिसते, मला चालते.

या दिव्याची एक खोड तिसऱ्या महिन्यात कळली. बरणी रबरी वायसर लावून घट्ट बंद होते, समुद्राचं पाणी आत जाऊ नये म्हणून. त्यामुळे उष्णताही बाहेर जात नाही. 9 वॅटचा एलईडी नोव्हेंबरातच गेला. एलईडीच्या आतलं सर्किट तापलं की आयुष्य घटतं. आता 4 वॅटचा फिलामेंटसारखा दिसणारा बल्ब आहे, तो टिकलाय. उजेड कमी पडतो, पण जाळीच्या सावल्या बाल्कनीच्या भिंतीवर छान पडतात. वाचायला बसायचं असेल तर हा दिवा नव्हे.

आता घंगाळ. माळ्यावरून उतरवलं तेव्हा आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, “अगं, ज्यात आम्ही अंघोळीचं पाणी काढलं, ते जेवायच्या टेबलावर उलटं टांगणार?” दोन दिवस घरात हाच विषय. शेवटी त्यांनीच ते चिंच-मीठ लावून लख्ख घासलं, आणि मी कसबा पेठेतल्या तांबट आळीत घेऊन गेले. ही आळी पेशवाईपासूनची. आजही आत शिरलं की आधी ठोक्यांचा आवाज येतो, दुकानं नंतर दिसतात. तिथल्या काकांनी बुडाला भोक पाडलं, आतून-बाहेरून पितळी वायसर आणि नट बसवला. वायर जाते तिथे रबरी बुश घातला, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. पोचे काढून वरून मठारकामही करून दिलं. हातोडीचे ते शेजारी शेजारी ठोके मला फक्त नक्षी वाटायचे. काका म्हणाले, ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि पुढचा पोचा सहज दिसत नाही. दोन्ही खरं ठरलं, कारण टेबल हलवताना शिडी एकदा त्यावर आपटलीच.

वजन साडेचार किलो. फॉल्स सीलिंगच्या प्लास्टरवर ते टांगायचं नाही, थेट स्लॅबमध्ये हूक हवा. आमच्याकडे जुना पंख्याचा हूक होता, टेबलच त्याच्याखाली आणलं. टेबलापासून घंगाळाची कड अडीच फुटांवर आहे. समोरच्याचा चेहरा दिसतो, बल्ब दिसत नाही. बाजूचा पंखा जोरात असला की सगळंच हळूहळू झुलतं आणि ताटावरच्या सावल्याही. पाहुण्यांच्या मुलांना हे फार आवडतं.

पण पहिले दोन महिने उजेड बिनसलेला होता. आतून तांबंच ठेवलं होतं, कारण फोटोत ते लालसर सुंदर दिसतं. तांबं लाल-नारिंगी उजेड परत फेकतं आणि निळा-हिरवा गिळतं. त्यामुळे गाजराची कोशिंबीर झकास, आणि पालकाची भाजी शिळी वाटायची. आई टेबलावर तांदूळ निवडायला बसल्या की ताट खिडकीकडे घेऊन जायच्या. मी पांढरा, 6500 केल्व्हिनचा बल्ब लावून पाहिला, तर तांबं मरगळलेलं दिसायला लागलं. शेवटी घंगाळ खाली उतरवून आतून कल्हई करून आणली. नवसागराचा तो उग्र धूर लहानपणानंतर पहिल्यांदा नाकात गेला. कथील पसरलं आणि आत चांदीसारखं झालं. आता पिवळसर, 2700 केल्व्हिनचा 9 वॅटचा बल्ब आहे, टेबलावर भरपूर उजेड, पालक हिरवा. सगळ्यात उपयोगी खर्च हाच झाला, आणि ही गोष्ट मला कुठल्याच दुकानदाराने सांगितली नव्हती.

एक गोष्ट लक्षात ठेवा, तांब्यातून उजेड आरपार जात नाही. सगळा खाली पडतो, छत आणि कोपरे काळोखात राहतात. खोलीत हा एकच दिवा ठेवणार असाल तर घेऊ नका. आमच्या भिंतीवर एक साधी ट्यूब आहे, तीच खरी कामाला येते.

काळं पडण्याचं म्हणाल, तर लॅकर मारायचं नाही, असं मी पॅसेजमधल्या दिव्याकडे बघून ठरवलं. घंगाळ तीन आठवडे गुलाबी राहिलं, मग मधासारखं, दिवाळीनंतर तपकिरी. घासल्यानंतर उघड्या हाताने धरलं तर बोटांचे ठसे काळे उमटतात, तेव्हा कापड धरून टांगा. माझ्या रत्नागिरीच्या नणंदेकडे असाच दिवा खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडला, तिथे दर महिन्याला मेण चोळावं लागतं. आमच्याकडे त्रास दिला तो साखळीने. रंगवलेली लोखंडी साखळी स्वस्तात आणली होती. ओलाव्यात लोखंड तांब्याला टेकलं की जास्तच गंजतं, आणि तो गंज ओघळून घंगाळावर तपकिरी रेघा आल्या. आता पितळी साखळी आहे. उलट्या बुडावर धूळ आणि फोडणीचा चिकटा बसतो, दर पंधरवड्याला स्टुलावर चढायचं. हे कोणी आवडीने करत नाही, मीही नाही.

पितांबरीने चकचकीत करू का, असं गणपतीच्या आवराआवरीत मी आईंना विचारलं. त्यांनी वर बघितलं. “राहू दे गं, मळखाऊ रंग आहे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पॅसेजमधला तो पत्र्याचा काढ मात्र. आणि माळ्यावर बंब आहे अजून, त्याच्याकडे बघायचं नाही.”