कॅमेरे चार, परवाने दोन

आमच्या जुन्या रेकॉर्डरवर एक लाल ठिपका होता. तो लुकलुकतोय म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे, असं आम्ही पाच वर्षं धरून चाललो होतो. एका रात्री फाटकाला कुणीतरी गाडी घासून गेलं, फाटकाचा एक गज वाकला, आणि सकाळी मी फुटेज काढायला बसले तेव्हा कळलं की आतली हार्ड डिस्क कधीच राम म्हणाली होती. शेवटचं चित्र सात महिन्यांपूर्वीचं. ठिपका मात्र तेव्हाही इमानेइतबारे लुकलुकत होता.

तो डबा मी त्याच दिवशी काढून टाकला. घरात एक नेटवर्क स्टोरेज, म्हणजे लोक ज्याला नास म्हणतात तो, आधीपासून होता. मी घरून हिशेबाची कामं करते, त्या फायली आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो त्यावर जातात. दोन डिस्क, प्रत्येकी ४ टीबी, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. याच यंत्रात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअरही मिळतं हे माहीत होतं, पण गरज पडली नव्हती. आता आठ महिने वापरलं, म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

पहिली गोष्ट, जी खोक्यावर बारीक अक्षरात असते: कॅमेऱ्यांचे परवाने. यंत्राबरोबर दोन कॅमेरे फुकट, पुढच्या प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा परवाना विकत घ्यायचा. एकदाच पैसे भरायचे, दरवर्षी नाही, तेवढा दिलासा. पण आमचे कॅमेरे चार: फाटक, जिना, मागचं दार आणि गच्ची. डिस्क माझ्या, कॅमेरे माझे, वायर माझी, आणि तिसरा कॅमेरा जोडायला परवानगी कंपनीची. हिशेबाच्या बाईला हे पचायला वेळ लागतो.

म्हणून आधी फाटक आणि जिना असे दोनच जोडले. सॉफ्टवेअर नेटवर्कवर कॅमेरे आपणहून शोधतं, दोन्ही सापडले, आणि मी पासवर्ड टाकला. 'जोडणी झाली नाही.' पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तासाभराने लक्षात आलं की माझ्या कॅमेऱ्यात ऑनव्हिफ मुळात बंदच होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरना एकमेकांशी बोलता यावं म्हणून २००८ मध्ये सुरू झालेलं हे मानक. ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागलं, आणि त्याचा वापरकर्ता व पासवर्डही निराळा बनवावा लागला. नेहमीचा चालत नाही. हे केलं, तरी जोडणी नाहीच. कारण मधल्या तासात नास बिचारा दर काही सेकंदांनी चुकीचा पासवर्ड घेऊन कॅमेऱ्याचं दार ठोठावत होता, आणि चोर समजून कॅमेऱ्याने त्याला अर्ध्या तासासाठी कुलूप लावलं होतं. अर्धा तास संपला की पुन्हा जुना पासवर्ड, पुन्हा कुलूप. शेवटी नासवरून कॅमेराच काढून टाकला, चहा घेतला, आणि शांतपणे नव्याने जोडला. दोन मिनिटांत झालं.

लगेच करायची दुसरी गोष्ट म्हणजे राउटरमध्ये जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता कायमचा बांधून टाकणे. मी केलं नाही. माझे कॅमेरे एकाच मॉडेलचे, पासवर्डही मी आळसाने सगळ्यांना एकच दिलेला. वीज जाऊन आली, राउटर नव्याने चालू झाला, त्याने पत्ते वाटले ते उलटेसुलटे. आठवडाभर 'फाटक' नावाखाली जिना आणि 'जिना' नावाखाली फाटक रेकॉर्ड होत होतं. तक्रार कुणाचीच नाही, कारण नासच्या दृष्टीने दोन्ही कॅमेरे हजर होते. सासूबाईंनी पकडलं. त्यांना टॅबवर फाटक बघत बसायची सवय, त्या म्हणाल्या, "अगं, आज फाटकाला पायऱ्या कशा आल्या?"

जागेचा हिशेब मी खरं तर आधी करायला हवा होता, माझा धंदाच तो. कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद. झाले दिवसाला ४३ जीबी, एका कॅमेऱ्याचे. दोघांचे ८६. फोटो आणि फायली सोडून माझ्याकडे सव्वादोन टीबीच्या आसपास जागा होती. सव्विसाव्या दिवशी सगळ्यांच्या फोनवरून फोटो चढायचे बंद झाले. रेकॉर्डिंगने उरलेली जागा खाऊन टाकली होती, कारण किती जागा वापरायची याची मर्यादा मी घातलीच नव्हती. मर्यादेची सोय आहे, दिवसांचीही आहे आणि जीबीचीही, पण जोडणी करताना ती कुणी विचारत नाही; तिसऱ्या पानावर जाऊन शोधावी लागते. ज्या यंत्रावर घरातले फोटो आहेत, त्यावर हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारायला हवा. माझ्या मते हा या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा दोष.

मग व्हिडिओ दाबून लहान करायची जुनी पद्धत एच.२६४ सोडून नव्या एच.२६५ वर आले आणि वेग निम्मा, २ मेगाबिट केला. चेहरा, गाडीचा रंग, हातातली पिशवी, सगळं आधीइतकंच दिसतं. एक अडचण आली: घरातल्या एका संगणकाच्या ब्राउझरमध्ये चित्र काळं दिसायला लागलं, कारण एच.२६५ सगळीकडे चालतंच असं नाही. कॅमेरा दोन प्रवाह पाठवतो, एक मोठा आणि एक छोटा. रेकॉर्डिंगला मोठा ठेवला, बघायला छोटा, तो जुन्या एच.२६४ मध्ये. सासूबाईंचा टॅबही त्यामुळे अडखळायचा थांबला.

कॅमेऱ्यात जागा वाचवणारा एक 'स्मार्ट' प्रकारही असतो. जागा खरंच वाचते. पण तो पूर्ण चित्र क्वचित पाठवतो आणि मधल्या काळात फक्त काय बदललं तेवढंच सांगतो. नासवर चार-पाच चित्रं मागे जायचं म्हटलं की चित्र गोठतं, मग एकदम उडी मारून पुढे जातं. मी तो बंद केला आणि पूर्ण चित्र दर सेकंदाला एक, असं ठेवलं. जागा थोडी जास्त जाते, जाऊ दे. ज्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप, तोच क्षण उडीत निघून गेला तर काय करायचं?

हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, हा पर्याय मला सुरुवातीला फार हुशारीचा वाटला होता. मग फाटकाच्या कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळं विणलं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, न दिसणाऱ्या त्या उजेडात जाळ्याचा एकेक धागा पांढऱ्या दोरखंडासारखा चमकतो, आणि वाऱ्याने हलला की झाली हालचाल. रात्रीत मला एकशे चाळीस सूचना आल्या. कोळी जाडजूड, कॅमेऱ्याच्या काचेवर बसला की अख्ख्या फाटकाएवढा दिसायचा. केरसुणीने जाळं काढलं, चौथ्या दिवशी परत. शेवटी फाटक आणि जिना चोवीस तास रेकॉर्डिंगवर ठेवले, सूचना फक्त चित्रात आखलेल्या चौकोनापुरत्या.

आता या सॉफ्टवेअरची खरी किंमत कुठे कळली ते सांगते. शेजारच्या काकांची स्कूटर एका सकाळी आडवी पडलेली सापडली, आरसा फुटलेला. काकांचा संशय पेपर टाकणाऱ्या पोरावर. तो रोज आमच्या जिन्यावरून वर येतो. काका आमच्याकडे आले, म्हणाले, "वहिनी, तुमच्या कॅमेऱ्यात बघा जरा."

स्कूटर फाटकाच्या खांबाआड उभी असते, आमच्या चित्रात फक्त तिचा डावा आरसा येतो. इथे एक सोय फार कामाची आहे: चित्रावर बोटाने चौकोन काढायचा आणि म्हणायचं, या चौकोनात कधी काही बदललं ते दाखव. मी आरशाभोवती चौकोन काढला. मिनिटभरात रात्रीचे तीन प्रसंग समोर. पहिले दोन पाखरांचे. तिसऱ्यात आरसा आहे, आहे, आहे, आणि पुढच्या चित्रात नाही. चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली वेळ ५:५२.

जिन्याच्या कॅमेऱ्यात पोरगा पायरीवर पाय ठेवतो ते ५:५० ला. काका म्हणाले, "झालं की मग. वर गेला, लगेच उतरला, जाता जाता पाडली."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण खालच्या पट्टीवर नासने स्वतःची वेळ दिली होती, आणि तिथे आरसा पडण्याची वेळ होती ५:४१. एकाच चित्रात दोन घड्याळं, मध्ये अकरा मिनिटांचं अंतर. मी भिंतीवरचं घड्याळ, फोन आणि दोन्ही कॅमेऱ्यांची चालू चित्रं शेजारी शेजारी ठेवली. नास बरोबर, जिन्याचा कॅमेरा बरोबर, फाटकाचा अकरा मिनिटं पुढे. म्हणजे स्कूटर पडली तेव्हा पोरगा यायला नऊ मिनिटं होती. पट्टी थोडी पुढे सरकवली तर खांबामागून दोन कुत्री एकमेकांच्या मागे पळत बाहेर आली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी चित्र परत एकदा लावायला सांगितलं, आणि मग कुत्र्यांचंही.

घड्याळ का चुकलं, तर माझ्याच सावधपणामुळे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने इंटरनेटवरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही फक्त कंपनीने दिलेले साठेक ठरलेले पासवर्ड वापरून बघून. तेव्हापासून माझा नियम आहे की कॅमेऱ्याला इंटरनेट नाही. राउटरमध्ये चौघांचीही बाहेरची वाट बंद केलेली. बाहेरून बघायचं तर आधी घरच्या व्हीपीएनमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कात जाणाऱ्या कुलूपबंद खासगी वाटेने, शिरायचं, मग नास. पण कॅमेरा आपलं घड्याळ इंटरनेटवरूनच लावून घेतो, आणि ती वाट मीच बंद केली होती. प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या चालीने सरकत होतं. उपाय सोपा निघाला: नासलाच घड्याळाचा सर्व्हर करता येतं. नास बाहेरून वेळ आणतो, कॅमेरे नासला विचारतात. यादीतल्या एकेका कॅमेऱ्यात जाऊन नासचा पत्ता टाकला. पाच मिनिटांचं काम, आणि त्यावाचून एका पोराचं काम गेलं असतं.

सूचनांबद्दल थोडक्यात. हालचालीच्या सूचना चार-सहा सेकंद उशिरा येतात, चालतं. महत्त्वाच्या त्या दोन वेगळ्याच: कॅमेऱ्याची जोडणी तुटली ही, आणि डिस्क आजारी आहे ही. दोन्ही हाताने चालू कराव्या लागतात. लाल ठिपक्याने पोळलेली असल्याने मी त्या पहिल्याच दिवशी केल्या. एकदा जिन्याची वायर उंदराने कुरतडली तेव्हा अर्ध्या मिनिटात फोन वाजला. यावर मी खूश आहे.

डिस्क आता कधी झोपत नाहीत. पूर्वी रात्री नास गप्प असायचा, आता सतत बारीक खरखर. झोपायच्या खोलीत ठेवू नका. कॅमेऱ्यांसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कवर वर्षाला १८० टीबी वाचण्या-लिहिण्याची क्षमता सांगितलेली असते, साध्या डेस्कटॉप डिस्कवर साधारण ५५ची. नंतर जोडलेलं मागचं दार धरून तीन कॅमेऱ्यांचे मिळून माझे वर्षाला २४ टीबीच्या आसपास होतात, त्यामुळे डिस्क बदलल्या नाहीत. एक मात्र ध्यानात ठेवलंय: एकीची नक्कल दुसरीवर असली तरी चोराने अख्खं यंत्रच उचललं तर दोन्ही गेल्या. म्हणून ते दर्शनी कपाटावरून माळ्यावर हलवलं. शेजारी एक यूपीएस, वीज गेली की तो यूएसबीच्या वायरीतून नासला कळवतो आणि नास नीट बंद होतो.

घ्यावं का? नास आधीच घरात असेल आणि दोन कॅमेरे पुरत असतील तर डोळे झाकून. नुसत्या कॅमेऱ्यांसाठी नास घेणार असाल तर घेऊ नका. साधा चार वाहिन्यांचा रेकॉर्डर घ्या, त्यात परवान्यांची भानगड नसते. फक्त महिन्यातून एकदा मागचं चित्र लावून बघा.

मागच्या दारासाठी मी शेवटी तिसरा परवाना घेतला, कुरकुरत. चौथ्यासाठी मन झालं नाही. गच्चीवरचा कॅमेरा कंपनीच्या परवान्याशिवाय थेट नासच्या फोल्डरमध्ये लिहू शकतो हे कळल्यावर तोही प्रयोग केला, पण त्याने त्या फोल्डरची सगळी जागा एकसारख्या तुकड्यांत आखून घेतली आणि ते तुकडे त्याच्या स्वतःच्या ॲपशिवाय उघडेनात. म्हणून तो बापडा आपल्याच मेमरी कार्डावर रेकॉर्ड करत असतो, नासच्या यादीत नाही. परवा टाकीचं झाकण उडालं ते कधी, हे बघायला कार्ड काढलं. झाकण उडताना स्वच्छ दिसलं. तारीख होती ३ जानेवारी १९७०.