चेनसेट बदलून नऊ महिने झाले: ढिली बरी की टाइट?

मोटरसायकलचा आधीचा चेनसेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) माझ्याच हौसेने गेला, मेकॅनिकचा त्यात काही दोष नाही. दर सर्व्हिसिंगला मी आवर्जून सांगायचो, "चेन जरा टाइट करून टाक रे." उघडून पाहिलं तेव्हा मागच्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे एका अंगाला झुकलेले. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर नवीन सेट टाकला आणि ठरवलं, यापुढे ताण आपणच बघायचा. गाडी शंभर सीसीची. रोज चिपळूण ते लोटे एमआयडीसी, मध्ये परशुराम घाट. नऊ महिन्यांत साडेसहा हजार किलोमीटर झाले.

पुस्तिकेत लिहिलंय, ढील 20 ते 30 मिलिमीटर. चेनकव्हरला खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करायची आणि पोराच्या कंपासमधली पट्टी लावायची. एवढी ढील कशाला, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एकदा सौ. आणि पोराला गाडीवर बसवून खाली वाकून बघितलं. शॉकअप दबले की मागचं चाक वर येतं, पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं आणि स्टँडवर ढिली वाटणारी चेन चांगलीच ताणली जाते. आधीच टाइट असेल तर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर. ढिली ठेवली तर कव्हरवर आपटून खडखडते आणि गिअर टाकताना झटका देते, पण ते निदान ऐकू तरी येतं.

पहिल्या पाचशे किलोमीटरला नवीन चेन थोडी सैलावली. डबल स्टँड, गाडी न्यूट्रल, इंजिन बंद (चालू इंजिनवर चेनपाशी बोट न्यायचं नाही म्हणजे नाही). एक्सलचा नट सैल केला, डावीकडचा स्प्रॉकेटजवळचा मोठा नटही, मग चाक मागे ओढणारे दोन्ही बाजूंचे स्क्रू, म्हणजे ॲडजस्टर, सारखेच, अर्धा-अर्धा आटा फिरवले. 25 भरले. खूश होऊन निघालो तर घाटात बारीक कुंईऽऽ. घरी येऊन चाक हाताने हळूहळू फिरवत चार ठिकाणी मोजलं तर एका जागी 15च! चेन सगळीकडे सारखी नसते, म्हणून सगळ्यात घट्ट जागा शोधून तिथे माप घ्यायचं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

दुसरी फजिती ब्रेकची. चाक मागे सरकलं, पण ब्रेकचा रॉड तेवढाच राहिला, म्हणजे ब्रेक आपोआप आवळला गेला. लोट्याला पोचलो तर ड्रमला हात लावता येईना. आता ॲडजस्टर फिरवला की रॉडच्या टोकाचा नटही सोडतो, पेडलला थोडी मोकळीक आहे ना ते बघतो आणि मागचा दिवा वेळेवर लागतो का तेही. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे जुळवतोच, पण नुसता त्यांच्यावर विसंबत नाही. मागे उकिडवं बसून चेन स्प्रॉकेटवर सरळ बसते का, हे डोळ्याने बघतो.

पावसाळ्याने मात्र वैताग आणला. बंद कव्हर म्हणजे तांबड्या चिखलाचं कोठार. जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा कव्हर उतरवलं, गंजलेल्या बोल्टांशी झटापट केली, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने चेन धुतली, पुसून 90 नंबरचं गिअर ऑईल सोडलं. स्प्रेही वापरून पाहिला, पण आमच्या पावसात तो टिकला नाही. ताण मात्र सगळा मिळून चारदाच द्यावा लागला, शेवटचा डिसेंबरात.

परवा झीज मोजली. 428 नंबरच्या चेनची एक कडी 12.7 मिलिमीटर, म्हणजे वीस कड्या 254. माझी 255 भरली. ॲडजस्टरचे आटेही निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. परत हाच सेट घेईन. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप तेवढी सैल वाटतेय, ती शिमग्याच्या सुट्टीत बदलणार, बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवून.