चिखलदरा की पचमढी? मराठवाड्यातून दिवाळीच्या सुट्टीत डोंगरातलं जंगल बघायचं असेल तर

गौताळा, येडशी रामलिंग, नायगाव ही मराठवाड्यातली जंगलं अभयारण्यं आहेत. राष्ट्रीय उद्यान आपल्या आठही जिल्ह्यांत नाही. त्यामुळे डोंगर, दऱ्या आणि राष्ट्रीय उद्यान असं सगळं एकाच सहलीत हवं असेल तर मराठवाड्याबाहेर पडावंच लागतं. दिवाळीच्या सुट्टीत, गाडीत आजी-आजोबा आणि लेकरं घेऊन जाण्यासारखे दोन पर्याय खरे समोर येतात. पहिला अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट, म्हणजे चिखलदरा आणि त्यामागचं गुगामल राष्ट्रीय उद्यान. दुसरा मध्य प्रदेशातलं सातपुडा राष्ट्रीय उद्यान, म्हणजे पचमढी आणि मढई. दोन्ही एकाच सातपुडा रांगेत आहेत, पण सहल म्हणून दोन्हींचा बाज वेगळा.

निर्णय घेण्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका: वाघ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पुरुषभर उंच असतं आणि ओढे-नाले वाहते असतात. जनावराला पाण्यासाठी ठरावीक पाणवठ्यावर यावं लागत नाही. वाघ हमखास दिसावा अशी इच्छा असेल तर एप्रिल-मे निवडा, आणि मग या दोन्ही ठिकाणांपेक्षा ताडोबा बरं. शरदात डोंगरात जायचं ते हिरव्या दऱ्या, धबधबे, स्वच्छ हवा आणि पायी फिरण्यासाठी. जिप्सीतून उतरल्यावर ‘काहीच दिसलं नाही’ म्हणून तोंड पाडून बसणाऱ्यांसाठी ही सहल नाही.

रस्ता आणि दिवसांचा हिशेब

खरा फरक इथेच पडतो. हिंगोली, नांदेड, परभणीकरांना मेळघाट हाकेच्या अंतरावर आहे. वाशिम-अकोला-अकोट-परतवाडा करत नांदेडहून चिखलदरा साधारण साडेतीनशे किलोमीटर, हिंगोलीहून त्याहून बरंच कमी. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याकडून समृद्धी महामार्गाने कारंजा लाडपर्यंत जाऊन पुढे अमरावती-परतवाडा धरला तर किलोमीटर थोडे वाढतात, पण वेळ वाचतो. सकाळी सहाला निघालेलं कुटुंब दुपारच्या चहाला चिखलदऱ्यात असतं.

समृद्धीवर एक काळजी घ्या. भरल्या गाडीसाठी टायरमध्ये किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तेवढी हवा टायर थंड असतानाच भरा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. वर नक्षी चांगली दिसत असली तरी इतक्या जुन्या टायरवर सहा माणसं, सामान आणि ताशी 120 चा वेग एकत्र आणू नका.

पचमढी संभाजीनगरहून रस्त्याने साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर पडते. एका दिवसात गाडी हाणणारे हाणतात, पण मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसाची कंबर दुसऱ्या दिवशी बोलते. इथे रेल्वे सरस. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, भुसावळ करत इटारसीला नेते. ती सकाळी नांदेडहून सुटते, म्हणजे इटारसीत रात्रीच उतरणं होतं. तिथे मुक्काम करायचा आणि सकाळी जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने पिपरिया गाठायचं. पिपरियाहून पचमढी सुमारे पन्नास किलोमीटर, मटकुलीपासून पुढे घाट. जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासातच जातात. म्हणून हाताशी चार रात्री नसतील तर पचमढीचा विचारच करू नका. मेळघाट तीन रात्रींत नीट होतं.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, भाऊबीज बुधवारी 11 ला. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे 12 नोव्हेंबरच्या प्रवासाची खिडकी 13 सप्टेंबरला उघडेल, आणि भाऊबिजेनंतरच्या गाड्या त्याच दिवशी भरायला लागतात. परतीचं तिकीट परतीच्या तारखेच्या हिशेबाने वेगळं काढायचं असतं, हे विसरून अर्धं घर वेटिंगवर राहतं. शेतीवाल्या घरांना उशिराची दिवाळी सोयीची: सोयाबीनची रास घरी आलेली असते, कापसाची पहिली वेचणीही झालेली असते. दसऱ्याला (20 ऑक्टोबर) निघाल्यास धबधब्यांना पाणी जास्त आणि गर्दी कमी, पण तेव्हा रानातलं काम कोणावर तरी टाकून जावं लागतं.

डोंगर किती उंच, थंडी किती

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटरवर, पचमढी सुमारे 1,067 मीटरवर. म्हणजे उंचीत दोन्ही सारखेच. संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, त्यामुळे दिवसा फरक तीन-चार अंशांचाच जाणवतो. भरदुपारी स्वेटर घालायची वेळ येत नाही. थंडी बाधते ती पहाटे उघड्या जिप्सीत, आणि तीही वर नाही तर खाली. रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकून दरीत साठते, म्हणून मेळघाटातलं सेमाडोह, कोलकास किंवा सातपुड्यातलं देनवा नदीकाठचं मढई ही खालची ठिकाणं पहाटे वरच्या गावापेक्षा गार वाटू शकतात. धावत्या जिप्सीत वारा अंगावर येतो तेव्हा एका जाड स्वेटरपेक्षा आत बनियन, मध्ये स्वेटर आणि वर वारा अडवणारं विंडचीटर असे तीन थर कामाला येतात. कानटोपी आणि हातमोजे लेकरांसाठी आधी बांधा.

काय बघायला मिळतं

मेळघाट 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक म्हणून जाहीर झालं. इथलं जंगल मुख्यतः सागाचं, उताराचं आणि खोल दऱ्यांचं. रानगवा, अस्वल, सांबर दिसण्याची आशा ठेवावी. पक्षी बघणाऱ्यांसाठी इथलं खरं आकर्षण वनपिंगळा. 1884 नंतर हा छोटा घुबड नामशेष झाला असं धरलं जात होतं. 1997 मध्ये तो नंदुरबारच्या शहादा भागात पुन्हा सापडला, आणि मेळघाटातल्या सागवनातही त्याची वस्ती आहे. तो दिवसाही वावरतो, म्हणून सकाळच्या उन्हात वाळक्या फांदीवर बसलेला सापडू शकतो. गाईडला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने वाघाचेच ठसे दाखवत बसतो.

चिखलदरा गावाभोवती देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड आहेत आणि गाविलगडही आहे. 1803 मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला. किल्ला पसरट आहे, सगळा बघायला तीन तास लागतात, आणि उंच गवतात साप-विंचू असतात. म्हणून पायात बूट हवेत, चपला नकोत. कोरकू वस्त्यांजवळून जाताना फोटो विचारून काढा. येताना गवळ्यांकडचा खवा आणि रबडी घ्यायची. इथे कॉफीही पिकते.

पचमढीत बघण्यासारखं जास्त आहे, हे मान्य करायला हवं. सातपुड्याचं सर्वांत उंच टोक धूपगड, सुमारे 1,350 मीटर, इथूनच बघायचं. बी फॉल, अप्सरा विहार, जटाशंकर, पांडव गुंफा, महादेव मंदिर अशी ठिकाणं एकमेकांजवळ आहेत. चौरागडाला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी जटाशंकर आणि महादेववर समाधान मानावं. पॉइंटांवर आपली गाडी सगळीकडे चालत नाही. वन विभागाचा परवाना आणि स्थानिक जिप्सी घ्यावी लागते, तेव्हा गाडी घेऊन गेलात तरी हा खर्च धरून चाला.

पण सातपुड्याचं वेगळेपण मढईत. तवा धरणाच्या फुगवट्यामुळे पसरलेली देनवा नदी नावेने ओलांडायची आणि पलीकडे जिप्सीत बसायचं. नावेतून मगरी आणि काठावरचे पाणपक्षी दिसतात. इथे पायी सफारीची परवानगी मिळते, जी बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत नसते. तिला वयाची अट असते, म्हणून लेकरं असतील तर बुकिंगच्या वेळीच विचारा. दहा-बारा वर्षांवरची मुलं घरात असतील तर हे एक कारण पचमढीकडे पारडं झुकवायला पुरेसं आहे.

सफारीत कुठे फसतं

दोन्हीकडे सर्वांत जास्त फसतं ते मुक्कामाच्या गावावरून. पचमढीत हॉटेल घेतलं आणि मढईची सकाळची सफारी काढली, असं दरवर्षी अनेकांचं होतं. दोन्हींत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आणि मध्ये घाट आहे. सहाच्या सफारीसाठी पहाटे साडेतीनला लेकरं उठवावी लागतात, आणि नाव सुटली की पैसे परत मिळत नाहीत. त्यापेक्षा आधी मढईजवळ एक रात्र, मग पचमढीत दोन किंवा तीन असा क्रम लावा. इटारसीहून मढई टॅक्सीने दीड-दोन तासांवर आहे, म्हणून हा क्रम वाटेतही बसतो. सातपुड्याचा गाभ्याचा भाग 1 ऑक्टोबरला उघडतो, आणि मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारी दुपारची सफारी बंद असते. भाऊबीज बुधवारी आहे हे इथे लक्षात घ्या.

मेळघाटातही तेच. चिखलदऱ्यात राहून पहाटे सेमाडोहच्या सफारीला पोचायचा आटापिटा करू नका. आदल्या रात्री सेमाडोह किंवा त्यापुढे पंधरा-एक किलोमीटरवरच्या कोलकासला राहा. कोलकासचं विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर आहे, खोल्या मोजक्या आहेत, आणि दिवाळीत त्या आधीच गेलेल्या असतात. मोबाइलला तिथे रेंज जवळपास नसते, म्हणजे यूपीआयही नाही. रोख रक्कम आणि बुकिंगची छापील प्रत परतवाड्यातच तयार ठेवा, गाडीची टाकीही तिथेच भरा.

सफारीच्या खर्चाचे तीन भाग असतात: प्रवेश परवाना, जिप्सीचं भाडं, गाईडचं मानधन. नुसता परवाना काढून ‘सफारी झाली’ समजू नका. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. कुटुंब सातचं असेल तर दोन जिप्सी लागतील. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ स्वरूपात दाखवावं लागतं. आजोबांचं आधार एका नावाने आणि परवाना दुसऱ्या नावाने असेल तर गेटवर वाद होतो, आणि वादात सूर्य वर येतो. ज्येष्ठांना पहिल्या बाकावर बसवा. मागचा बाक चाकांच्या वर येतो आणि खड्ड्यात सगळा दणका तिथे बसतो.

दोन्हीकडे लागू

परतवाडा-चिखलदरा घाट आणि मटकुली-पचमढी घाट, दोन्हींत लेकरांना उलट्या होतात. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि भरगच्च जेवूनही नाही. अर्धा धपाटा आणि थोडं पाणी पुरे. मळमळ होणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवून लांबवर बघायला सांगा, मोबाइल हातात देऊ नका. गोळी द्यायची असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून, घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी. दोन्ही जंगलांत संध्याकाळी डास असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचं मलम सोबत असू द्या.

लातूर-धाराशिवकरांनी मात्र

तुमच्यासाठी दोन्ही पर्याय लांबचे. तुम्हाला सोलापूरकडून सह्याद्री जवळ. चांदोली राष्ट्रीय उद्यान (2004) आणि कोयना अभयारण्य मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून नावेने वासोट्याला जाणं हा तिथला सर्वांत चांगला दिवस, पण चढ घनदाट जंगलातला आहे आणि साठीच्या पुढच्यांसाठी नाही. त्यांना बामणोलीच्या काठावरच थांबवावं लागतं. कासची फुलं बघायला दिवाळीत जाऊ नका. ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच असतात.

तीन रात्री, सोबत सत्तरीचे आई-वडील आणि पाच-सहा वर्षांची लेकरं असतील तर आमचं मत मेळघाटाला: पहिली आणि दुसरी रात्र चिखलदरा, तिसरी सेमाडोह किंवा कोलकास, चौथ्या दिवशी सकाळची सफारी करून परतवाड्यात जेवण आणि घराकडे. पाच रात्री, मोठी मुलं आणि सप्टेंबरमध्येच रेल्वेचं तिकीट काढायची शिस्त असेल तर पचमढी. मुलं मोठी, पण सुट्टी तीनच दिवसांची, असं असेल तर पचमढी पुढच्या वर्षावर टाका. घाईघाईने मढईची नाव चुकवून धूपगडाच्या रांगेत उभं राहण्यात काही मजा नाही.